स्नायू खाऊन वाढतात की व्यायामाने? बेचाळिशीतला मुलगा आणि बहात्तरीतले वडील

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४२, वजन ७८ किलो. सहा महिन्यांपासून आठवड्यातून चार दिवस जिम, दिवसातून दोनदा प्रोटीन पावडर आणि पोट उतरवायचं म्हणून जेवण बरंच आवरतं घेतलेलं. तरी दंड आणि मांड्या होत्या तशाच. वडील ७२ वर्षांचे. रोज तासभर चालतात, भूकही बरी आहे, पण त्यांचे पाय वर्षागणिक बारीक होत चाललेत. आहार महत्त्वाचा की व्यायाम, दोघांनी नेमकं काय करावं आणि कमावलेलं टिकवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

'सत्तर टक्के आहार, तीस टक्के व्यायाम' हे वाक्य तुमच्या कानावर आलंच असेल. चरबी उतरवण्यापुरतं त्यात तथ्य आहे. स्नायूंच्या बाबतीत मात्र अशी वाटणी करताच येत नाही, कारण इथे दोन्हींची बेरीज होत नाही. एकाचं काम दुसऱ्यावाचून अडतं. तरीही आधी कोण, असा हट्टच धरलात तर मी व्यायाम म्हणेन. स्नायूला वाढण्याचं कारण व्यायाम देतो. ते कारण नसेल तर गरजेपलीकडे खाल्लेलं प्रथिन शरीर जाळून टाकतं आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मला १९९४ च्या एका अभ्यासात दिसतो. अमेरिकेत मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ८७ वर्षं वयाच्या १०० अशक्त माणसांचे चार गट केले. एका गटाला पायांचा वजनी व्यायाम, दुसऱ्याला फक्त पोषक पेय, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची पायांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली होती. नुसतं पेय घेणाऱ्यांना काहीच फायदा झाला नाही. गंमत म्हणजे पेय मिळूनही त्यांचा दिवसभराचा एकूण आहार फारसा वाढला नव्हता. तो खऱ्या अर्थाने वाढला फक्त व्यायामही करणाऱ्या गटात. वडिलांना आणखी एक वाटी वाढण्याआधी हे लक्षात ठेवा.

आता हे असं का होतं ते पाहू. स्नायू एकदा बांधला की झालं, असं नसतं. त्यातलं साधारण एक ते दीड टक्का प्रथिन रोज मोडतं आणि जवळपास तितकंच नव्याने बनतं. दुकानदाराच्या जमाखर्चाच्या वहीसारखं हे चोवीस तास चालू असतं. जेवलात की रक्तात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, वाढतात, काही तास जमा बाजू वर जाते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात आणि रात्री खर्चाची बाजू वरचढ होते. व्यायाम न करणाऱ्या पण पुरेसं खाणाऱ्या तरुण माणसात दिवसअखेर हिशोब शून्यावर येतो, म्हणून वर्षभरात त्याचा स्नायू वाढतही नाही, घटतही नाही.

वजन उचलल्यावर काय होतं ते १९९७ मध्ये स्टुअर्ट फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी उपाशीपोटी असलेल्या लोकांवर मोजलं. व्यायामानंतर तीन तासांनी स्नायूत प्रथिन बनण्याचा वेग दुपटीहून जास्त झाला होता आणि ४८ तासांनंतरही तो नेहमीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वरच होता. मोडण्याचा वेगही वाढला, पण कमी प्रमाणात. इथे खरी मेख अशी की पोटात काही नसल्यामुळे, बनणं इतकं वाढूनही हिशोब तोट्यातच राहिला. तोटा घटला, एवढंच. त्याच स्नायूला अमिनो आम्लं मिळाली की तो नफ्यात जातो. म्हणजे व्यायामानंतर दीड-दोन दिवस स्नायू अन्नाला जास्त प्रतिसाद देतो आणि त्या काळातलं प्रत्येक जेवण थोडं थोडं साठत जातं. वाढ म्हणतात ती याच बारीकसारीक शिलकेची, महिनोन्महिने झालेली. म्हणूनच 'वर्कआउट संपल्यावर अर्ध्या तासात शेक नाही घेतला तर सगळं वाया' ही भीती निराधार आहे. खिडकी अर्ध्या तासाची नसून दीड-दोन दिवसांची आहे.

पेशीच्या आत हा निरोप पोचवणारी मुख्य साखळी एमटॉर नावाच्या प्रथिनाभोवती फिरते. स्नायूवरचा ताण तिला चेतवतो आणि ल्युसीन हे अमिनो आम्लही तिला चेतवतं. अंडी, दूध, मांस यांतलं प्रथिन तोलामोलाने जास्त परिणामकारक ठरतं ते मुख्यतः त्यातल्या ल्युसीनमुळे. रॅपामायसिन हे औषध एमटॉर रोखतं. ते देऊन माणसांना व्यायाम करायला लावला तेव्हा नंतरची प्रथिन-निर्मितीची वाढ दिसलीच नाही. व्यायामाचा आणि अन्नाचा निरोप शेवटी एकाच जागी पोचतो, एवढं यातून घ्यायचं.

आता तुमच्याकडे येतो. सहा महिने नियमित जाऊन काहीच फरक नाही, तेव्हा माझा पहिला संशय पावडरवर नसतो. तुम्ही उचलता त्या वजनांवर असतो. 'जिमला जातो' आणि 'स्नायूला वाढण्याइतकं कारण देतो' यांत फार अंतर आहे. स्नायूतले तंतू मज्जापेशींच्या ताब्यात गटागटाने असतात आणि हे गट ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात: आधी लहान, न दमणारे; मोठे, ताकदवान आणि वाढण्याची सर्वांत जास्त क्षमता असलेले अगदी शेवटी. हा क्रम एलवुड हेनेमन यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या प्रयोगांतून दाखवला. मोठ्या गटांना कामाला लावायचे मार्ग दोनच. एकतर वजन भरपूर हवं, नाहीतर हलकं वजन स्नायू थकेपर्यंत उचलायला हवं. २०१२ मध्ये कॅनडात तरुणांवर झालेल्या अभ्यासात, एका वेळी जेमतेम एकदा उचलता येईल त्या वजनाच्या ३० टक्के आणि ८० टक्के अशा दोन्ही भारांनी मांडीचा स्नायू जवळपास सारखाच वाढला, कारण दोन्ही गटांनी सेट, म्हणजे न थांबता सलग केलेली आवर्तनं, पार थकेपर्यंत नेला होता. ताकद मात्र जड वजनवाल्यांची जास्त वाढली.

त्यामुळे 'हलकं वजन, जास्त रेप्स (आवर्तनं) केले की शरीर नुसतं टोन होतं' या म्हणण्याला अर्थ नाही. पण त्याचबरोबर, आणखी दहा रेप्स सहज निघतील अशा ठिकाणी सेट सोडणं हेही जवळपास निरर्थक आहे. सेट संपताना चांगल्या पद्धतीत अजून फार तर दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या, इतपत जवळ जायला हवं. दर वेळी पार कोसळेपर्यंत नेण्याची गरज नाही. त्याने थकवा खूप वाढतो, जादा फायदा फारसा नाही.

दुसरा मुद्दा चढत्या भाराचा. थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने १९४५ मध्ये जखमी सैनिकांच्या गुडघ्यांसाठी जड वजनांची पद्धत मांडली. तोवर दुखापतीनंतर हलकी आणि भरपूर आवर्तनं देण्याची रीत होती. डीलॉर्म यांचं म्हणणं साधं होतं: स्नायूची ताकद वाढेल तसं वजन वाढवत न्या. पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी यापेक्षा महत्त्वाचं वाक्य या क्षेत्रात लिहिलं गेलंय असं मला वाटत नाही. तुम्ही एक वही करा. व्यायाम, वजन, सेट, रेप्स, एवढं लिहा. तीन महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान सारखं दिसलं तर दंड का वाढले नाहीत याचं उत्तर तिथेच मिळेल.

किती करायचं? एकेका स्नायूसाठी आठवड्याला साधारण दहा कठीण सेट हे चांगलं उद्दिष्ट आहे; नवख्या माणसाला त्याहून कमीतही वाढ मिळते. ते एका दिवसात कोंबण्यापेक्षा दोन दिवसांत वाटलेले बरे, कारण शेवटचे सेट दमलेल्या अंगाने होत नाहीत. पायांच्या मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये दोन ते तीन मिनिटं बसा. घाम गाळायच्या नादात तीस सेकंदांत पुढचा सेट धरणारे शेवटी वजन कमी करून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं हे मोजमाप नव्हे. नवा व्यायाम केला किंवा वजन सावकाश खाली सोडत आणलं की एक-दोन दिवसांनी दुखतं. सवय झाल्यावर दुखत नाही, पण वाढ चालू असते.

अपेक्षाही जरा तपासून पाहा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते ती बव्हंशी मज्जासंस्था त्या हालचालीत तरबेज होते म्हणून. स्नायूची जाडी हळूहळू मागून येते. सर्व काही नीट जमलं तर नवख्या पुरुषाला महिन्याला अर्धा किलोच्या आसपास निव्वळ स्नायू मिळणं ही चांगली गती आहे. स्त्रियांत किलोंच्या हिशोबात ती साधारण निम्मी असते, पण मुळातल्या स्नायूच्या टक्केवारीत पाहिलं तर जवळपास सारखीच. वर चरबीही असेल तर आरशात हे दिसायला वेळ लागतो. पायाखालच्या त्या विजेच्या वजनकाट्यावर 'मसल मास' म्हणून येणाऱ्या आकड्याच्या फार नादी लागू नका. तो अंगातल्या पाण्याबरोबर वरखाली होतो. महिन्यातून एकदा सकाळी मोजपट्टीने दंड, मांडी आणि कंबर मोजा. कंबर उतरतेय आणि मांडी तेवढीच आहे, हीसुद्धा प्रगतीच आहे.

आता तुमच्या ताटाबद्दल. सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी प्रथिनांची शिफारस वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम आहे. ती कमतरता होऊ नये यासाठीची आहे, वाढीसाठीची नाही. २०१८ मध्ये रॉबर्ट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ अभ्यासांतल्या १,८६३ लोकांचे आकडे एकत्र केले. वजनी व्यायाम करणाऱ्यांत प्रथिनांचा फायदा किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत वाढत जातो आणि त्यापुढे सपाट होतो, असं त्यात दिसलं. तुमच्या वजनाला ते १२५ ग्रॅमच्या आसपास येतं. पण त्याच विश्लेषणातला दुसरा आकडा जाहिरातीत कधी येत नाही: जादा प्रथिनांमुळे व्यायामाच्या फायद्यात पडलेली भर सरासरी ०.३ किलो होती. बाकीचं सगळं व्यायामाने दिलेलं. पावडर वाईट नाही, दुधातूनच काढलेली असते, सोयीची असते. मात्र एका डबीभर पावडरीतलं २० ते २५ ग्रॅम प्रथिन आणि जेवणातलं तेवढंच प्रथिन यांत स्नायूच्या लेखी फारसा फरक नाही.

अंदाजासाठी काही आकडे: एका अंड्यात ६ ग्रॅम, २५० मिली दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या कोंबडीच्या छातीच्या मांसात २२ ग्रॅमच्या आसपास, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरीत सुमारे ९ ग्रॅम, सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर. शाकाहारी माणसाचे स्नायू वाढत नाहीत हा समज सोडून द्या. ब्राझीलमध्ये २०२१ साली पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या आणि मिश्र आहार घेणाऱ्या तरुणांना किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिन देऊन बारा आठवडे व्यायाम करायला लावला. एका गटाला कमी पडलेलं सोयाचं दिलं, दुसऱ्याला दुधाचं. वाढीत फरक दिसला नाही. अडचण असते ती प्रमाणाची. डाळी-कडधान्यांतून तेवढं प्रथिन गाठायचं तर बरंच जास्त खावं लागतं, पोट आधी भरतं आणि कॅलरीही वाढतात. त्यासाठी आधी नियोजन लागतं, आणि नाहीच जमलं तर पावडर.

दिवसाची एकूण बेरीज सर्वांत महत्त्वाची. त्यानंतर वाटणी: तीन-चार जेवणांत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या आसपास आलं की तुमचं काम झालं. 'एका वेळी तीस ग्रॅमहून जास्त प्रथिन अंगी लागत नाही' असं म्हणतात, तेही तितकंसं खरं नाही. नेदरलँड्समध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम प्रथिन दिलं तेव्हा ते बारा तासांहून जास्त काळ सावकाश वापरलं जात राहिलं. तरीही चार वेळा खाणं मला व्यवहार्य वाटतं, कारण शंभर ग्रॅम एका बैठकीत कोण खातो?

पण माझ्या मते ताटातला तुमचा मुख्य घोटाळा प्रथिनांचा नाहीच. जेवण बरंच आवरतं घेतलंत, तो आहे. कॅलरी कमी पडत असताना शरीर नवा स्नायू बांधायला नाखूश असतं. अशक्य नसतं. २०१६ मध्ये कॅनडात वजन जास्त असलेल्या तरुण पुरुषांना गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी देऊन चार आठवडे कडक व्यायाम करून घेतला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिन घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं, १.२ ग्रॅमवाल्यांचं ते जवळपास जैसे थे राहिलं. म्हणजे उपासमारीत स्नायू सांभाळायचा तर प्रथिन वाढवायचं असतं, आणि बहुतेक लोक नेमकं उलट करतात: जेवणच अर्धं करतात, त्यात प्रथिनही अर्धं होतं. पण ती माणसं तरुण होती, आठवड्याचे सहा दिवस देखरेखीखाली राबत होती. तुमच्यासारख्या नोकरी-घर सांभाळणाऱ्याने रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट ठेवावी, त्याहून जास्त नको. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन उतरू द्या. त्याहून घाई केलीत तर जाणाऱ्या वजनात स्नायूचा वाटा वाढतो. भूक मारणारी जी नवी इंजेक्शनं आली आहेत त्यांतही हीच काळजी आहे. उतरलेल्या वजनाचा लक्षणीय भाग चरबीविरहित असतो, म्हणून ती घेणाऱ्याने वजनी व्यायाम टाळणं मला धोक्याचं वाटतं.

कर्बोदकं पार बंद केली असतील तर परत सुरू करा. प्रथिन हे स्नायूचं इंधन आहे असं एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिगसारखा मोठा रसायनतज्ज्ञही मानत होता. १८६५ मध्ये आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक आदल्या दिवसापासून प्रथिन न खाता स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले आणि वाटेत स्वतःची लघवी गोळा करत गेले. त्यातल्या नायट्रोजनवरून हिशोब मांडला तर चढायला लागलेली ऊर्जा जळालेल्या प्रथिनातून निघूच शकत नव्हती. स्नायू बांधला जातो प्रथिनाने; तो चालतो मुख्यतः कर्बोदकांवर आणि चरबीवर. स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा रिकामा असेल तर शेवटचे कठीण सेट निघत नाहीत, आणि कठीण सेट नाहीत तर पुढची सगळी साखळीच थांबते.

बाकीच्या गोष्टी झटपट. झोप: २०१० मधल्या एका छोट्या प्रयोगात कमी कॅलरींवर असलेल्या लोकांना दोन वेगवेगळ्या वेळी दोन-दोन आठवडे, एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास, झोपू दिलं. वजन दोन्हींत जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातली चरबी निम्म्याहून कमी होती, बाकी चरबीविरहित वजन गेलं. दारू: व्यायामानंतर भरपूर प्यायल्यावर प्रथिन घेऊनही त्याची निर्मिती सुमारे चोवीस टक्क्यांनी घटलेली आढळली. व्यायामानंतर लगेच बर्फाच्या पाण्यात बसण्याची फॅशन आहे. नियमित केल्यास स्नायूची वाढ कमी होते, तेव्हा सोडा. पूरक गोष्टींत मी फक्त क्रिएटिनच्या बाजूने बोलेन. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, कधीही घ्या. सुरुवातीला किलोभर वजन वाढतं ते पाण्याचं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मूत्रपिंडाबद्दल विनाकारण घाबरगुंडी उडते. मूत्रपिंडं निरोगी असतील तर वर सांगितलेल्या प्रमाणातल्या प्रथिनांनी ती बिघडतात असं दिसलेलं नाही. आधीच आजार असेल तर मात्र हे सगळे आकडे बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

वडिलांची गोष्ट वेगळी आहे आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा तातडीची आहे. वयाबरोबर स्नायू आणि ताकद जाण्याला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव सुचवलं. यात सर्व तंतू सारखे घटत नाहीत. जलद आकुंचन पावणारे, जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. त्यांना चालवणाऱ्या मज्जापेशीही कमी होत जातात. आता हेनेमनचा क्रम आठवा. सपाट रस्त्यावर चालताना लहान गटांवरच काम भागतं. मोठ्या गटांना तासभर चालूनही बोलावणं जात नाही. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम आहे, ते सोडू नका. पण मांडी राखणं हे त्याचं काम नाही. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, ठेच लागल्यावर तोल सावरायला झटकन पाऊल टाकणं, ही सगळी कामं त्या जलद तंतूंची असतात.

दुसरी अडचण अशी की वयस्कर स्नायू अन्नाला कमी प्रतिसाद देतो. तरुणाला एका जेवणात किलोमागे ०.२४ ग्रॅम प्रथिनाने जेवढी चालना मिळते तेवढ्यासाठी वयस्कर माणसाला सुमारे ०.४ ग्रॅम लागतं. साठ किलोच्या माणसाला म्हणजे एका वेळी २४ ग्रॅम. बहुतेक वयस्कर मंडळींच्या सकाळच्या खाण्यात हे प्रमाण खूपच कमी असतं आणि रात्री तर जवळपास काहीच नसतं; सगळा भर दुपारवर. त्यामुळे वडिलांसाठी माझी पहिली सूचना सकाळच्या खाण्यातच अंडी, दूध, दही, सोया असं काही भक्कम आणण्याची. दिवसाचं लक्ष्य किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. दातांमुळे किंवा कवळीमुळे मांस, डाळीचे दाणे टाळत असतील तर ते आधी विचारा. कित्येकदा भूक बरी असते आणि चावणं नकोसं असतं.

व्यायामाला स्नायू देतो तो प्रतिसादही वयाने मंदावतो, पण संपत नाही. त्याच फियातारोन यांनी १९९० मध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा जड व्यायाम दिला होता. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूचा छेदही मोठा झाला. भार खरोखर जड होता, त्यांच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत. 'या वयात वजनबिजन नको' म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास सांगतो.

वडिलांना सुरुवात खुर्चीपासून करू द्या. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायला-बसायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर ताकद कमी झाल्याची ती मान्य खूण आहे. आधी ही चाचणी घ्या, आकडा लिहून ठेवा. मग आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीतून उठणं-बसणं, पायरीवर चढणं-उतरणं, भिंतीला धरून टाचा उचलणं आणि रबरी पट्टा ओढणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, शेवटच्या दोन रेप्स कठीण वाटतील इतपत. सोपं झालं की हातात वजन द्या किंवा खुर्ची बुटकी घ्या. उठताना जरा जोरात, बसताना सावकाश. जिममध्ये नेऊ शकलात तर लेग प्रेसचं यंत्र (बसून पायांनी वजन ढकलायचं) त्यांना सर्वांत सुरक्षित पडेल. तोल सांभाळावा लागत नाही. श्वास रोखून धरू नये, एवढं सारखं सांगत राहा. तुम्हालाही लागू होणारी आणखी एक सावधगिरी: अनेक दिवसांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी भरमसाट केलं, स्नायू सुजले आणि लघवी चहा-कोलासारखी गडद झाली तर घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं. मोडलेल्या स्नायूतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं.

टिकवण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. इथे बातमी एकाला चांगली आहे आणि दुसऱ्याला तितकीशी नाही. अमेरिकेत २०११ मध्ये सोळा आठवडे व्यायाम करून घेतल्यावर लोकांचा व्यायाम आठ महिन्यांसाठी एक तृतीयांश किंवा थेट एक नवमांश करून टाकला. वीस ते पस्तीस वयाच्या माणसांनी एक नवमांशावरही, म्हणजे आठवड्यातून एक दिवस आणि एका व्यायामाचा एकच सेट एवढ्यावर, कमावलेला आकार राखला. साठ ते पंचाहत्तर वयाच्यांना तो दोन्हीवर राखता आला नाही. ताकद मात्र बरीच टिकली. म्हणजे कामाच्या धबडग्यात तुमचा महिनाभर आठवड्याला एकच दिवस निघाला तरी वजन तेवढंच ठेवा आणि निर्धास्त राहा. पूर्ण खंड पडला तरी फार बिघडत नाही; दहा आठवडे थांबून परत सुरू करणाऱ्यांनी सलग करणाऱ्यांना थोड्याच आठवड्यांत गाठलं, असं फिनलंडमधल्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं. वडिलांना मात्र दीर्घ खंड परवडत नाही.

त्यांच्यासाठी सर्वांत महागडा खंड आजारपणाचा. निरोगी वृद्धांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं तेव्हा पायांतलं जवळपास एक किलो चरबीविरहित वजन गेलं होतं. तरुणाला महिनाभर पडून राहिल्यावरही इतकं जात नाही. त्यामुळे ताप, मोतीबिंदूची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया, काहीही असो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवा, दिवसातून तीन-चार वेळा उठ-बस करवा आणि जेवण कमी जात असेल तर त्या थोड्या घासांत प्रथिन आधी घाला. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर आधीचे सहा-आठ आठवडे व्यायामाला द्या.

आणि हे सगळं सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. त्यांचे दोन्ही पाय सारखेच बारीक होताहेत का? एकच बारीक होत असेल, पाऊल घसटत असेल किंवा पायात मुंग्या-बधिरपणा असेल तर तो वयाचा मामला नाही, मणक्याची किंवा मज्जातंतूची तपासणी आधी. दुसरं, गेल्या सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजन उतरलंय का, ते जुन्या नोंदी काढून पाहा. उतरलं असेल तर साखर, थायरॉइड आणि बाकीच्या तपासण्या होईपर्यंत पावडर आणि वजनं दोन्ही थांबू द्या. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी स्नायू दुखतात आणि मग तो दोष व्यायामावर जातो.